खोडायचं नाही, खाली लिहायचं

मी वाचनालयातली अभिप्रायाची वही बोलतेय. सध्या कपाटाच्या माथ्यावर पडून आहे, तेव्हा मान जरा वर करून ऐका. मला खाली उतरवून रद्दीत द्यायचं चाललं आहे. त्याआधी माझ्यातल्या एका पानाबद्दल सांगायचं आहे. ते पान मी सुखासुखी देणार नाही.

दोनशे पानांची, जाड पुठ्ठ्याची, दोऱ्याने शिवलेली अशी मी इथे आले. वाचनालय म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानामागच्या दोन खोल्या. पुस्तकं देण्याघेण्याचं काम बाई बघायच्या. त्यांनी माझ्या पुठ्ठ्याला भोक पाडून सुतळीने पेन्सिल बांधली आणि पहिल्या पानावर नियम लिहिला. पुस्तक परत करताना एक ओळ तरी लिहायची. नाव नको, सभासद क्रमांक पुरे. दुसऱ्याने लिहिलेलं खोडायचं नाही. पटलं नाही तर खाली लिहायचं.

लोक आधी कुरकुरले. "बाई, आम्ही वाचायला येतो, परीक्षेला नाही," असं बस चालवणारे एक काका म्हणाले. पण सगळ्यांच्या तोंडी असलेली एक जाडजूड कादंबरी परत करताना त्यांनीच लिहिलं, "वळणं फार. गाडी शेवटी आपल्याच स्टॉपवर." एका नर्सबाईंनी लिहिलं, "रात्रपाळीत डुलकी लागू नये म्हणून नेलं होतं. डुलकी याच पुस्तकाने लागली."

एका घरातल्या दोन जावा होत्या. घरी एकमेकींशी बोलत नसत, माझ्यात बोलत. थोरलीने लिहिलं, "नायिका फार सोशीक. आवडली." त्याखाली धाकटी, "सोशीक कसली, आळशी." त्याखाली पुन्हा थोरली, "वर लिहिणारीने शेवटची वीस पानं वाचलेली नाहीत. पुस्तक माझ्या उशाशी होतं, मला माहीत आहे."

मजेत दिवस चालले होते. मग त्या नटाचं आत्मचरित्र आलं.

हा नट तरुणपणी इथल्याच नाटकमंडळीत होता. पुढे सिनेमात गेला आणि मोठा झाला. मुखपृष्ठावर त्याचा हसरा चेहरा. पुस्तकासाठी सभासद रांग लावायला लागले. वाचनालयाच्या अध्यक्षांनी ते सगळ्यांच्या आधी नेलं आणि माझं अख्खं पान भरून कौतुक लिहिलं. मग बाकीच्यांनीही री ओढली. सगळ्यांना पान सत्तर आवडलं होतं. प्रयोग चालू असताना नेपथ्यातला लाकडी खांब कोसळतो, खाली एक लहान मुलगी उभी असते, आणि हा धावत जाऊन खांब आपल्या खांद्यावर झेलतो. "डोळ्यांत पाणी आलं," असं सात जणांनी लिहिलं. मलाही खरंच वाटलं. पुस्तकांबद्दल माझ्यात जे लिहितील तेवढंच मला कळतं.

मग मिस्त्री आले. त्या नाटकमंडळीचे ते सुतार, आता थकलेले. ओळीखाली बोट धरून वाचायचे, महिन्याला एक पुस्तक. अभिप्राय नेहमी एकाच शब्दाचा, "वाचलं." त्या दिवशी मात्र पेन्सिल हातात धरून ते बराच वेळ उभे राहिले. खिशातल्या चाकूने तिला टोक काढलं. मग मोठ्या अक्षरांत, मागच्या बाजूला उमटेल इतकं दाबून लिहिलं :

"पान सत्तर. तो खांब यांनी धरला नाही. माझ्या बायकोने धरला. ती कपडेपट सांभाळायची. त्यानंतर तिचा डावा हात खांद्याच्या वर गेला नाही. बाकी पुस्तक चांगलं आहे."

बाईंनी वाचलं. "मिस्त्री, इतक्या वर्षांत कधी बोलला नाहीत?"

"कोणी विचारलं नाही. हीसुद्धा म्हणायची, पोरगी वाचली ना, झालं तर मग." पेन्सिल खाली सोडून ते म्हणाले, "पण आता ही नाही. आणि ते छापून आलंय, बाई. आता सगळे तेच धरून चालणार."

तेव्हा मला कळलं की माझ्याकडे काय सोपवलं आहे. मिस्त्रींच्या बायकोचा ना कुठे फोटो, ना कुठे छापील ओळ. तिने झेललेला खांब जगात माझ्या एका पानावर होता.

पुढे वर्धापनदिन आला आणि तो नटच पाहुणा ठरला. तयारी बघायला आलेल्या अध्यक्षांनी मला चाळलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मिस्त्रींना बोलावून घेतलं.

"काय हो मिस्त्री, चांगल्या कार्यात हे कसलं विघ्न?"

"चांगलं आहे असंच लिहिलंय की, साहेब. शेवटची ओळ बघा."

"वर काय लिहिलंय ते बघतोय मी. आणि तो खांब उभा केला कोणी? तुम्हीच ना? उद्या कोणी म्हणालं, सुताराचं काम कच्चं होतं, तर?"

मिस्त्रींनी मला आपल्याकडे वळवून घेतलं. अध्यक्षांना वाटलं, काम झालं. पण मिस्त्रींनी हळूच माझी पेन्सिल उचलली आणि आपल्याच ओळींखाली लिहिलं, "खांब मी उभा केला होता. सांधा कच्चा राहिला. चूक माझी." पेन्सिल ठेवून म्हणाले, "म्हणू द्या आता कोणाला म्हणायचं ते."

अध्यक्ष संतापले. त्यांनी माझं पान धरलं आणि ओढलं. शिवणीतला दोरा करकरला. मी जीव खाऊन धरून राहिले.

"ओढू नका," मिस्त्री नेहमीच्याच संथ आवाजात म्हणाले. "शिवलेली वही आहे. हे पान निघालं की दोऱ्यापलीकडचं त्याचं जोडपानही सुटतं."

बाईंनी दोऱ्यापलीकडे पाहिलं. ते अध्यक्षांचंच पान होतं, कौतुकाने काठोकाठ भरलेलं.

अध्यक्षांनी हात काढून घेतला. "वर्धापनदिनाला ही कपाटात राहील," एवढं बाईंना बजावून ते गेले. पुठ्ठ्याला हसता येत असतं तर मी हसले असते.

त्या दिवशी बाईंनी मला कपाटात ठेवलं नाही. नेहमीच्या टेबलावर, नेहमीच्या जागी ठेवलं. त्यांची नोकरी अध्यक्षांच्या हातात होती, हे त्यांना ठाऊक होतं.

हारतुरे झाले, फोटो झाले. नट दिसायला पुस्तकावरच्यापेक्षा म्हातारा होता. "माझ्याबद्दल काय लिहिलंय बघू," म्हणत त्याने मला स्वतःच उघडलं. कौतुक वाचून हसला, मान डोलावली, पान उलटलं. मग हसू थांबलं. ते पान त्याने दोनदा वाचलं हे मला त्याच्या बोटावरून कळलं.

त्याने वर पाहिलं, मागच्या रांगेपर्यंत.

"मिस्त्री?"

"हो."

"वहिनी कशा आहेत?"

"गेली. चार वर्षं झाली."

"मी इतकी वर्षं हा किस्सा सांगत आलोय," तो म्हणाला, "सांगता सांगता..."

"साहेब, चहा थंड होतोय," अध्यक्ष मध्ये पडले.

"खाली जागा आहे," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे खोडत नाहीत. खाली लिहितात."

त्याने पेन्सिल घेतली. लिहिलं, "पान सत्तर." पेन्सिलीचं टोक तिथेच टेकून राहिलं. कोणीतरी गाडी दारात आल्याचं सांगितलं. त्याने पेन्सिल ठेवली आणि तो निघून गेला.

महिन्याभरात समितीने नवी पद्धत आणली. आता सभासदांना छापील चिठ्ठी मिळते. 'उत्तम' किंवा 'अतिउत्तम' यावर खूण करायची. जावांची मोठी पंचाईत झाली आहे. बाईंची नोकरी राहिली, पण मला मात्र इथे वर टाकलं.

मिस्त्री कधीकधी येतात. बाई स्टुलावर चढून मला खाली काढतात. मिस्त्री ते पान शोधतात, मागच्या बाजूला उमटलेल्या अक्षरांवरून अंगठा फिरवतात आणि मला परत देतात. "आहे," एवढंच म्हणतात.

परवा त्या आत्मचरित्राची नवी आवृत्ती आली. पुस्तकावर क्रमांक टाकण्याआधी बाईंनी पान सत्तर काढून पाहिलं. खांब अजून त्याच्याच खांद्यावर आहे.

असू दे. मला तराजूत टाकणाऱ्यांनी आधी एकदा उघडून वाचावं, एवढीच विनंती. त्या दोन शब्दांपुढे ओळ मोकळी आहे आणि पेन्सिल अजून सुतळीला बांधलेली आहे. त्या नटाला वाटलं तर येऊन लिहावं. त्याच्या पुस्तकातलं पान तो बदलो न बदलो, माझं पान बदलणार नाही.