घरच्या घरी केलेलं

रूपचंदांनी खांद्यावरच्या पंच्याने स्वतः खुर्ची पुसली आणि श्रेयाकडे सरकवली.

"बसा मॅडम."

पप्पांच्या तोंडून मॅडम! रिद्धीने हिरड्याच्या पुड्या पुन्हा रचायला घेतल्या. त्या रचलेल्याच होत्या. श्रेया लोणी गावच्या शेतकऱ्याची पोर, तिच्याहून फार तर वर्षाने मोठी. पुण्यात शिकली, मंचरला लोकांच्या वेबसाइट करून द्यायचं ऑफिस थाटलं. एवढ्यावर मॅडम.

घोडेगावच्या या दुकानाची वेबसाइट चार वर्षं रिद्धी एकटी सांभाळत होती. कुणी शिकवलं नव्हतं. आहुप्याला जाऊन हिरडे वाळवणाऱ्या ठमाबाईंचे फोटो तिने काढले, मजकूर लिहिला, पुण्या-मुंबईच्या एकेका गिऱ्हाइकाला उत्तर दिलं. हिरडा, मध, डोंगरातला तांदूळ, निम्मा माल आता पार्सलने जात होता. पप्पांनी तिला कधी शाबास म्हटलं नव्हतं, आणि तिचं कधी अडलंही नव्हतं. आज मात्र चष्मा लावून ते श्रेयाच्या लॅपटॉपवर वाकले होते. रिद्धीच्या स्क्रीनकडे ते एकदाही असे वाकले नव्हते.

"घरच्या घरी व्हतं तवर चाललं," ते श्रेयाला सांगत होते. "आता धंदा वाढला. प्रोफेशनल माणूसच पायजे."

"फोटो मात्र छान आहेत काका. कुणी काढलेत?"

"हे काय, घरचेच हायेत." त्यांनी समोरच्या हॉटेलवाल्याला हाक मारली. "दोन इशेल चहा पाठव रे!"

दोन. रिद्धीने मोजले.

श्रेयाने पासवर्ड मागितला, तेव्हा रिद्धीने तो चिठ्ठीवर नीट अक्षरात लिहून दिला. शेवटचा आकडा तेवढा बदलला. पाच-सहा वेळा चुकल्यावर वेबसाइटचं लॉगिन दिवसभरासाठी बंद झालं.

"होतं असं कधी कधी," श्रेया हसून म्हणाली. "उद्या येते."

ती चिडली असती तर बरं झालं असतं, असं रिद्धीला वाटलं.

दुसऱ्या दिवशी रूपचंद बँकेत गेले होते. दुकानात दोघीच. श्रेयाने डायरी उघडली.

"गिऱ्हाइकांना तुम्ही उत्तरं कशी देता, पार्सल कसं पाठवता, सगळं मला लिहून घ्यायचंय. काकांनी महिनाच दिलाय."

"एवढी काय घाई?" रिद्धीचा आवाज तिखट झाला.

"दिवाळीनंतर तुम्ही सिन्नरला जाणार ना? पोरगी सासरी गेल्यावर काम अडायला नको, म्हणाले."

तांदूळ मापणारा रिद्धीचा हात पोत्यातच राहिला. गेल्या रविवारी सिन्नरहून पाहुणे आले होते. व्यापारी आहेत, माल बघायला आलेत, असं पप्पा म्हणाले होते. तिने त्यांना दाल-बाटी वाढली होती. त्यांच्यातल्या एका बाईने तिची उंची विचारली, तेव्हा ती हसलीही होती.

श्रेयाने पेन खाली ठेवलं.

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

रिद्धीने हात झटकले. डायरी आपल्याकडे ओढली आणि कोऱ्या पानावर पासवर्ड लिहिला, या वेळी खरा. श्रेयाने तो वाचला. शेवटच्या आकड्यावर तिची नजर जरा थांबली.

बाहेर कुणीतरी मधाचा भाव विचारला. रिद्धीने तो सांगितला, बाटली कागदात गुंडाळून दिली आणि परत आली.

"मंचरच्या ऑफिसात तुमी किती जणी आहात?"

"मी एकटीच. काम नुसतं साठून राहतं."

रिद्धी रस्त्याकडे बघत होती. बँकेकडून पप्पा येताना दिसत होते.

"मी साडेनऊपर्यंत पोचू शकते," ती म्हणाली. "रोज."