आग्नेय कोपऱ्यातलं गवत

त्या दिवशी माझं डोकं सकाळपासूनच फिरलेलं होतं. बावीस वर्षं मी ड्रमकॉलन इस्टेटच्या बागेत लोकांना फिरवते आहे. कुठला गुलाब कुठल्या आठवड्यात फुलतो, कुठल्या पायरीवर म्हाताऱ्यांचा पाय सरकतो, कुठल्या विनोदाला डब्लिनची माणसं हसतात आणि कुठल्या विनोदाला कॉर्कची माणसं नुसतीच एकमेकांकडे बघतात, हे सगळं मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. आणि आता कॉर्मॅक, माझ्या भाच्याच्या वयाचा नवा व्यवस्थापक, माझ्या हातात दोन छापील पानं ठेवून मला बोलायला शिकवत होता.

"एक वाक्य इकडचं तिकडे नको, डिंपना," तो म्हणाला. "आज मी तुमच्याबरोबर फिरणार आहे. जमलं तर उत्तम. नाही जमलं तर सोमवारपासून कानात माहिती सांगणारी यंत्रं येतायत, लोक आपापले फिरतील."

"आणि मी काय करू?"

"आराम करा की! किती दिवस राबणार?"

आराम म्हणे. नवरा गेल्यापासून दिवसातून दोनदा हे दहाबारा अनोळखी चेहरे माझ्याकडे वळतात, मी बोलते आणि ते ऐकतात, एवढ्यावरच माझं चाललेलं आहे. ते गेलं तर मी घरी बसून कुणाशी बोलू, किटलीशी? पण हे त्या पोराला सांगण्यात अर्थ नव्हता. मी पानं घेतली आणि वाचली.

आग्नेय कोपरा गाळलेला होता.

आमची भिंतीआडची बाग अकरा फूट उंच दगडी भिंतीने वेढलेली आहे आणि ती भिंत दुष्काळात उभी राहिली, बटाटा कुजला त्या साली, दिवसाला एक वाडगा पातळ सूप या बोलीवर. बांधणाऱ्यांपैकी एक माणूस भर दुपारी आग्नेय कोपऱ्यात फावड्यासकट खाली बसला तो उठलाच नाही. तिथलं गवत तेव्हापासून भुकेलं आहे असं आमच्याकडे मानतात. त्यावर पाय पडला तर भरल्या पोटीही माणसाला अशी भूक लागते की काही खाल्लं तरी ती भागत नाही. उपाय एकच, ताबडतोब ओटच्या भाकरीचा तुकडा तोंडात घालायचा. जुना माळी फेस्टस तेवढा भाग सोडून कापणी करायचा, भोवती दोरी बांधायचा आणि कोपरा आला की प्रत्येकाच्या हातावर भाकरीचा एकेक तुकडा ठेवायचा. फेस्टस गेल्यावर ते मी करत आले. माझा विश्वास होता का? कुणी विचारलं असतं तर नाही म्हटलं असतं. पण भाकरी रोज सकाळी भाजत होते.

कॉर्मॅकने आदल्या आठवड्यातच दोरी काढून टाकली होती, कारण ती फोटोत येते. तिथे पांढरं बाक ठेवलं. भाकरी बंद, कारण एखाद्याला सोसली नाही तर उत्तर कोण देणार. "आणि लोक सुट्टीला येतात हो," तो म्हणाला, "त्यांना मेलेली माणसं कशाला ऐकवता?"

मी भांडले नाही असं नाही. दोरी निघाली तेव्हा चांगली दोन दिवस भांडले होते. शेवटी म्हटलं, कर बाबा तुझ्या मनासारखं, माझं काय जातंय!

त्या दिवशी नऊ जण होते. त्यात लिमरिकहून आलेलं जोडपं, मॉसी हॅनली आणि त्याची बायको नोरीन. मॉसी म्हणजे गोल गरगरीत, हसरा, निवृत्त बसचालक, पहिल्या पाच मिनिटांतच त्याने मला विचारलं, "अहो बाई, एवढ्या मोठ्या बागेत बसायला कुठे मिळेल ते आधी सांगा, बाकी इतिहास नंतर."

"मॉसी, गप्प बस रे," नोरीन म्हणाली, आणि सगळे हसले. कॉर्मॅकसुद्धा हसला आणि त्याच्या कागदावर काहीतरी खूण केली.

मी त्या पानांतलं वाक्यन् वाक्य बोलले. स्वतःचाच आवाज ऐकून मला वैताग येत होता. कोपरा आला तेव्हा पानावर होतं, 'येथे छायाचित्रासाठी थांबावे.' मी तेच म्हणाले. मॉसी आनंदाने त्या हिरव्यागार गवतातून चालत गेला आणि बाकावर ऐसपैस बसला. माझी बोटं खिशातल्या पुरचुंडीवर होती; सवयीने भाकरी आजही आणलीच होती. कॉर्मॅक माझ्याकडे बघत होता. मी पुढचं वाक्य म्हणाले.

मॉसी परत आला तेव्हा हसत नव्हता. त्याने बायकोला हळूच विचारलं, "नोरीन, आपण जेवलो कधी गं?"

"आत्ता तासाभरापूर्वी. मटणाचा रस्सा दोनदा घेतलास, वर सफरचंदाचा केक. का?"

गुलाबांपाशी त्याने नोरीनच्या पर्समधल्या पेपरमिंटच्या गोळ्या संपवल्या. काचघरापाशी एका बाईंच्या डब्यातलं सँडविच मागून घेतलं. मटारच्या वाफ्यापाशी पोहोचलो तेव्हा तो शेंगा तोडून सालीसकट खात होता, आणि लोकांना मजा वाटत होती. "बागेची चव घेतायत!" कॉर्मॅक म्हणाला. मीच एकटी हसले नाही. पुढे कच्च्या गूजबेरी झाल्या, मग वेलांची पानं, आणि मी भिंतीला धरून वाढवलेल्या नासपतीच्या झाडांबद्दल बोलत असताना मागे माती उपसल्याचा आवाज आला. मॉसी बटाट्याच्या वाफ्यात गुडघ्यांवर बसला होता आणि दोन्ही हातांनी उकरत होता. हाती आलेला बटाटा त्याने मातीसकट चावला.

"मॉसी," नोरीन म्हणाली. "अरे, लोक बघतायत."

तिच्या आवाजात आता लाज नव्हती, भीती होती. मग मात्र मला राहवलं नाही. मी वाफ्यात शिरले, त्याच्याशेजारी वाकले आणि पुरचुंडी उघडून त्याच्यापुढे धरली. "घ्या," मी म्हणाले, "एवढा तुकडा खा, बरं वाटेल."

त्याने त्या भाकरीकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी सांगू शकत नाही. ओठांना माती लागली होती. आणि तरीही तो भला माणूस म्हणाला, "छे छे, नको. तुम्हालाच लागेल."

आता, आमच्याकडे पहिल्या खेपेला कुणी काही घेत नाही. चहासुद्धा घेत नाही. पहिलं 'नको' हे नुसतं वळण असतं, दुसरंही. यजमानाने तिसऱ्यांदा म्हणायचं आणि मग पाहुण्याने "बरं, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर" असं म्हणून हात पुढे करायचा. आईच्या मांडीवर आम्ही हे शिकतो. त्याच्या त्या 'नको'चा अर्थ मला ठाऊक नव्हता असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

"डिंपना?" मागून कॉर्मॅकचा आवाज आला. "काय चाललंय तिथे?"

मी एकदाच विचारलं होतं. "बरं," मी म्हणाले, आणि पुरचुंडी खिशात टाकली. वर उठून गुडघ्यांची माती झटकली आणि पुढचं वाक्य म्हणाले.

नोरीनने त्याला धरून गाडीपर्यंत नेलं. जाताना तिने माझे आभार मानले. फेरी माझ्याकडेच राहिली. कॉर्मॅक म्हणाला, "बघा, जमलं की नाही?" मला आनंद झाला. खरंच झाला, हेच मला अजून सहन होत नाही. त्याच्या दोन पानांनी जिंकले होते मी, आणि दिवसातून दोनदा तीच बडबडत होते.

पुढच्या दिवसांत मला संध्याकाळची भूक लागेनाशी झाली. एकटीसाठी कोण चूल पेटवणार, असं म्हणून मी नुसता चहा पिऊन पडायचे. तरीही ऑगस्टमध्ये माझ्या स्कर्टचं बटण लागेना. हे काय नवीन झेंगट, म्हणून मी चिडून बटण सरकवून शिवलं.

सहा आठवड्यांनी ऑफिसात माझ्यासाठी फोन आला. दुपारची वेळ होती, बाहेर लोक जमायला लागले होते.

"मी नोरीन हॅनली, लिमरिकहून. आठवते का?"

"आठवता ना. मॉसी कसे आहेत?"

"भूक गेली त्याची. त्याच आठवड्यात गेली. आता खातच नाही तो. निम्मा राहिलाय. डॉक्टरांना काही सापडत नाही."

"काहीच खात नाहीत?"

"संध्याकाळी दोन ताटं वाढायला लावतो. एक समोरच्या खुर्चीपुढे ठेवतो आणि स्वतःच्या ताटातलं सगळं त्यात वाढतो. म्हणतो, आधी तिचं होऊ दे. बिचारी त्या दिवसापासून तशीच उभी आहे, तिने आपल्या तोंडचा घास मला देऊ केला होता." नोरीनचा आवाज अगदी सरळ होता, वाण्याकडे सामान सांगावं तसा. "मी आधी रागावले, रडले. आता वाढते. सकाळी ते ताट चाटूनपुसून रिकामं असतं. तो तर पलंगावरून उठूही शकत नाही हो."

खिडकीतून कॉर्मॅक मला घड्याळ दाखवत होता.

"म्हणून म्हटलं, तुम्हालाच विचारावं," नोरीन म्हणाली. "तुमचं पोट भरतं ना तेवढ्यात? भरत असेल तर तसं सांगा त्याला, म्हणजे तो दोन घास खाईल."