बाकावरची आत्याची जागा

मित्रांनो, मी एक जुना सागवानी बाक आहे. एका पायाने लंगडा, खाली वीट लावून उभा. उभं राहून राहून जीव मेटाकुटीला आलाय, म्हणून सावकाशच सांगतो.

माझा जन्म खामगावच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात झाला. कापूस घेऊन आलेले गाडीवान माझ्यावर बसून विड्या ओढत. पुढे तो जिन बंद पडला. आपल्या पोरांना कॉलेजसाठी अमरावती नाहीतर नागपूर गाठावं लागे, म्हणून गावकऱ्यांनी ठरवलं की इथेच कॉलेज काढू. त्यांनी जिनाचं गोदाम झाडलं, फळा टांगला आणि मला घासूनपुसून वर्गात नेलं. म्हटलं, चला, आता आराम! कसला आराम! गाडीवान निदान गप्प बसत. ही पोरं सारखी चुळबुळत.

पहिल्याच वर्षी कोकिळा आली. चाळीस मुलांत एकटी मुलगी. तिचे वडील शेषराव मोताळ्याकडचे शेतकरी. त्यांची अट एकच होती, वर्गात पोरीजवळ घरचं माणूस बसलं पाहिजे. म्हणून त्यांची विधवा बहीण सोजराबाई गावात खोली घेऊन कोकिळेसोबत राहिली. रोज ती माझ्या अर्ध्या भागावर बसे आणि तास चालू असताना कापसाच्या वाती वळी. पोरं खुसखुसली की मागे वळून म्हणे, "काऊन बे, हसता कायले? याच कापसावर तुमचं कालेज उभं हाये!"

मला ती बाई फार आवडायची. दीड वर्ष तिने एक तास चुकवला नाही. माघात मात्र ती तापाने गेली. कोकिळेची परीक्षा तोंडावर आली होती.

तेरावं झालं आणि कोकिळा एकटीच वर्गात आली. आत्याची वातींची टोपली तिने आत्याच्या जागी ठेवली आणि वही उघडली. मागोमाग शेषराव दारात उभे.

"चाल पोरी, बिऱ्हाड बांधू. आता तुह्यासंगं कोन बसन?"

कोकिळा उठली नाही. "बाबा, आत्यानं दीड वर्ष काय वातीसाठी काढलं?" एवढंच बोलली आणि तिला रडू कोसळलं.

माझा जीव टांगणीला लागला. शेषरावांची नजर टोपलीवर गेली. मग त्यांनी जोडे दाराशी काढले, टोपली मांडीवर घेतली आणि धपकन माझ्यावर बसले.

"चालू द्या मास्तर तुमचं. मले काही समजनार नाही, त्याची फिकर नोका करू."

गव्हाची कापणी भावावर सोपवून तो माणूस रोज आला. वजन म्हणाल तर, अरे बापरे! परीक्षेच्या आदल्या आठवड्यात माझा पाय मोडला आणि शेषराव जमिनीवर. वर्गात कोणीही हसलं नाही.

कोकिळा पास झाली. शेषरावांनी स्वतः येऊन माझ्या पायाखाली ही वीट लावली. पुढच्या वर्षी पाच मुली आल्या, घरच्या माणसांशिवाय आल्या.

आता गावाबाहेर कॉलेजची दगडी इमारत उभी राहतेय. नवे बाकही येणार म्हणे. मी थकलोय, मला तिकडे नेलं नाहीत तरी राग नाही. पण मित्रांनो, तिथे कोणी दाराशी एकटीच घुटमळताना दिसली, तर जरा सरकून बसा.