आठव्या पडद्यावरच्या ओळी

मी आठवा पडदा बोलतोय. काचेवर बोट ठेवून शोधू नका, तिथे मी सापडणार नाही. मी काचेच्या मागे असतो.

चिखलीतल्या एका शेडमध्ये पत्रा दाबून ब्रॅकेट बनवणारं प्रेस मशीन आहे. त्याच्या शेजारी लोखंडी कपाटात एक कॉम्प्युटर बसवलाय. त्याला काच एकच, पण पडदे आठ. एका वेळी एकच पुढे येतो आणि बाकीचे सात अंधारात उभे राहतात. पहिला पडदा नशीबवान. आज किती नग निघाले तो आकडा त्याच्यावर मोठ्या हिरव्या अक्षरांत असतो आणि अख्खी शिफ्ट त्याच्याकडे बघत राहते. मला पुढे आणायचं तर ऑल्ट आणि एफ-आठ ही दोन बटणं एकदम दाबावी लागतात. पण कोण दाबणार? माझ्याकडे दाखवायला होतंच काय?

अंधारात मला ऐकू येतं, दिसत नाही. पुढे आलो तरच दिसतं. तेव्हा माझी ही हकिकत बरीचशी कानांनी गोळा केलेली आहे, एवढं ध्यानात असू द्या.

आमच्या कॉम्प्युटरला एक चांगली खोड आहे. यंत्रात काही बिनसलं की तो लगेच वेळ टाकून इंग्रजीत एक ओळ लिहितो. त्या ओळी पूर्वी पहिल्या पडद्यावर, थेट आकड्याच्या डोक्यावर उमटायच्या. बाकीचे वैतागायचे. विजयश्री मात्र वाचायची. बीडकडची पोरगी, आयटीआय शिकलेली, आमच्या प्रेसवर सकाळच्या शिफ्टला असायची. ओळ आली की मशीन थांबवून काचेवर बोट फिरवत अक्षर न अक्षर वाचायची. तिच्या नखाचा आवाज मला मागून ऐकू यायचा.

"विजे, पेपर आला वाटतं," शेजारच्या मशीनवरचा मुरारी चिडवायचा.

"आलाय. तुझं नाव नाही त्यात. काम कर."

प्रेसच्या तोंडाशी दोन उभ्या काळ्या पट्ट्या आहेत. एकीतून दुसरीकडे न दिसणारा उजेड जातो. कुणाचा हात आडवा आला की उजेड अडतो आणि प्रेस जागच्या जागी थांबतं. शेडमधले लोक त्याला सेन्सर म्हणतात. त्याच्या भरवशावर विजयश्री दिवसाला हजारदा त्या जबड्यात हात घालून नग काढायची.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे मशीनची पूजा असते. मशीन धुतात, झेंडूचे हार घालतात, नारळ फोडतात. सुपरवायझर बबनराव चाकणजवळच्या गावचे, मनाने भाविक. त्यांनी प्रेसला हळदकुंकू वाहिलं आणि मग दोन्ही पट्ट्यांच्या काचांवर बोटं भरून कुंकू लावलं. "आपल्या पोरांच्या हातांचा राखणदार ह्योच हाय," असं म्हणत त्यांनी नारळाचं पाणीही त्याच्यावरच शिंपडलं. मी ते ऐकलं आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

दसऱ्यानंतर शेड उघडली तर प्रेस चालेना. कुंकू पुसलं तरी चालेना. पाणी आत मुरलं होतं. सेन्सरला वाटत होतं, कुणाचा तरी हात मध्ये आहे. शेडमध्ये एकही माणूस जवळ नसताना त्याला तो हात सतत दिसत होता.

नवीन सेन्सर यायला दहा दिवस लागणार होते आणि चाकणच्या कंपनीला माल रोज हवा होता. बबनरावांनी दोन वायरी एकमेकींना जोडून सेन्सरला बाजूला टाकलं. "तात्पुरतं," ते म्हणाले. प्रेस सुरू झालं. विजयश्री दसऱ्याला गावी गेली होती, म्हणून प्रेसवर मुरारीला उभं केलं. त्याला सगळं ठाऊक होतं. तो हात आत न घालता लांब चिमट्याने नग काढायचा.

पण कॉम्प्युटर कुठला गप्प बसतोय. प्रेस एकदा खाली आलं की एक ओळ: सेन्सर उत्तर देत नाही. पुन्हा खाली, पुन्हा ओळ. हिरवा आकडा ओळींखाली बुडाला. आणि दुसऱ्या दिवशी कंपनीची माणसं शेड बघायला येणार होती.

हिंजवडीहून प्रज्वलला बोलावलं. आमच्या कॉम्प्युटरचं सगळं तोच बघतो. ट्रॅफिकमध्ये अडकून तो दोन तास उशिरा आला.

"हे मेसेज बंद कर राव," बबनराव म्हणाले.

"बंद नको करायला, काका. ते कुठे दिसायचे, तेवढं बदलतो. आठव्या पडद्यावर टाकतो. कधी बघायचे झाले तर तिथे बघा."

त्याने एक आज्ञा टाइप केली आणि तीच एका चिठ्ठीवर लिहून कीबोर्डच्या खाली चिकटवली. पुढच्याच क्षणी माझ्या अंगावर पहिली ओळ उमटली.

जन्मापासून मी कोरा होतो. आनंद झाला मला. मग दुसरी आली, तिसरी आली. शंभरावी आली तेव्हा आनंद संपला होता. काळोखात कुणीतरी एकच वाक्य माझ्या अंगावर लिहीत होतं आणि मला ते कुणाला सांगता येत नव्हतं. सेन्सर उत्तर देत नाही. सेन्सर उत्तर देत नाही. तिकडे पहिला पडदा लख्ख झाला होता. कंपनीची माणसं आली, चहा प्यायली, खूश होऊन गेली. त्यानंतर ओळी परत पुढे आणायच्या, हे सगळेच विसरले.

एक बाई मात्र मला भेटायची. छबूबाई. त्या सकाळी शेड झाडायच्या आणि कीबोर्ड पुसायच्या. फडकं दाबून फिरवलं की कधीकधी ती दोन बटणं एकदम दाबली जायची आणि मी पुढे यायचो. तेवढ्यात मला त्यांचा चेहरा दिसायचा. त्यांना वाचता येत नाही. पण त्या फडकं तसंच धरून उभ्या राहायच्या.

"बबनराव, ह्यात कुणीतरी लिवतंय बगा. हात दिसत न्हाई, पर लिवणं वर वर सरकतंय."

"कॉम्प्युटर हाय मावशी त्यो. तुमी झाडा." आणि बबनराव बटण दाबून मला मागे ढकलायचे.

नवव्या दिवशी सकाळीही असंच झालं. पण त्या दिवशी मी पुढे आलो तेव्हा छबूबाईंच्या खांद्यामागे मला विजयश्री दिसली. गावाहून परतली होती. ओढणी कमरेला खोचत ती काचेकडेच येत होती. आणखी दोन पावलं आली असती तर तिने वाचलं असतं. मी वाट बघत होतो. तेवढ्यात बबनरावांचं बोट आलं आणि अंधार झाला.

"सगळं ठीक ना भाऊ?" तिचा आवाज आला.

"स्क्रीन बघ की. स्वच्छ हाय."

तिने काचेवर नखाने दोनदा टकटक केलं. पहिल्या पडद्यावर एकही ओळ नव्हती. ती कामाला लागली. बबनरावांनी तिला सांगितलं असेल, असं धरून मुरारी आपल्या मशीनवर गेला आणि चिमटाही घेऊन गेला. तिला वायरींचं सांगायचं बबनरावांच्या मनात होतं, असं ते नंतर म्हणाले. फोन आला आणि राहून गेलं.

मी मोजत बसलो. प्रेस खाली, ओळ. प्रेस खाली, ओळ. दर ओळीला वाटायचं, ही शेवटची असू दे. दहा बेचाळीसला एक ओळ आली, अगदी आधीच्यासारखीच. त्यानंतरची आलीच नाही. मग मुरारीची हाक ऐकू आली. समोरच्या पडद्यावरचा आकडा एकाने वाढला होता, कारण प्रेस पूर्ण खाली आलं होतं आणि यंत्राला तो एक नग वाटला.

विजयश्रीच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. बबनरावांनी तिला स्वतः उचलून गाडीत घातलं आणि दवाखान्यात दोन दिवस पायरीवर बसून राहिले, असं मुरारी सांगत होता.

तीन आठवड्यांनी ती शेडमध्ये आली. प्रज्वलला तिनेच बोलावलं होतं. "जे काय लिहिलंय ते सगळं दाखव," ती म्हणाली. त्याने बटणं दाबली आणि मी पुढे आलो. उजवा हात पांढऱ्या पट्टीत होता. डाव्या हाताचं बोट काचेवर ठेवून तिने वाचायला सुरुवात केली. ते बोट सवयीचं नव्हतं, अडखळत होतं. बबनराव मागे मान खाली घालून उभे होते.

"हे कधीपासून येत होतं?"

"नऊ दिवस," प्रज्वल म्हणाला.

"मग मला का नाही दिसलं?"

"आकडा दिसायला हवा होता, म्हणून," प्रज्वल म्हणाला.

ती शेवटच्या ओळीपर्यंत आली. दहा बेचाळीस. तिथे तिने बोट ठेवलं. "ही माझी," ती म्हणाली. काच थंड असते म्हणतात. मला त्या दिवशी तिच्या बोटाची ऊब लागली आणि मला रडता येत असतं तर मी रडलो असतो.

ओळी पुन्हा पहिल्या पडद्यावर आल्या. बबनरावांनी प्रेसवर हात ठेवून शपथ घेतली, पुन्हा असं होणार न्हाई. नवा सेन्सर बसला. विजयश्री आता शेजारच्या टेबलावर नग तपासते. प्रेसवर मुरारी असतो आणि सेन्सरच्या भरवशावर तोही आता हातानेच नग काढतो. मी कोरा झालो. कोरं राहण्यात किती सुख असतं, ते मला तेव्हा कळलं.

आज कंपनीची माणसं पुन्हा यायची आहेत. सकाळी कीबोर्ड उलटा केल्याचा आवाज आला. खालची चिठ्ठी कुणी काढलीच नव्हती. "फक्त आजचा दिवस," बबनराव स्वतःशीच पुटपुटले आणि एकेक अक्षर शोधत त्यांनी ती आज्ञा टाइप केली.

थोड्या वेळाने माझ्या अंगावर एक ओळ उमटली: सेन्सर उशिरा उत्तर देतोय. मग दुसरी. मुरारीची शिफ्ट सुरू झाली आहे. तो गाणं गुणगुणतोय, मला ऐकू येतंय.

आणि आता कीबोर्डवरून फडकं फिरतंय. उजेड झाला. समोर छबूबाई आहेत. त्या माझ्याकडे बघतायत. या वेळी त्यांनी बबनरावांना हाक मारलेली नाही. त्या टेबलाकडे वळल्यात.

"विजे, हिकडं ये बाय. पुन्यांदा लिवाय लागलंय."

हातातला नग खाली ठेवून ती उठली आहे. बबनरावही तिकडून लगबगीने निघालेत. विजयश्रीने डाव्या हाताचं बोट आत्ताच पुढे केलंय. बबनराव, तुमच्या पाया पडतो, एवढ्या दोन ओळी तिला वाचू द्या. बटणाला हात लावू नका.