मधली वेळ

वेधशाळेतल्या मोजणीबाईंनी अर्ज टेबलावर ठेवला आणि पंख्याने उडू नये म्हणून त्यावर संचालकांचाच पेपरवेट ठेवला. संचालक आज निवृत्त होणार होते. खण रिकामे करता करता त्यांनी चष्मा लावून अर्ज वाचला. दुसऱ्या हातातली जुनी पत्रं तशीच राहिली.

"लघुग्रहाला माझं नाव?"

"शोध माझा, तेव्हा नाव ठेवायचा हक्कही माझाच. पाचच्या समारंभात मी जाहीर करते. तुम्ही चार लोकांत माझे आभार माना, एवढंच."

काल हे ऐकून धाकटी बहीण हसत म्हणाली होती, "ताई, सव्वीस वर्षं त्या माणसाला नावं ठेवलीस, आणि आता त्याचंच नाव ठेवतेस?" बाई हसल्या नव्हत्या.

सव्वीस वर्षांपूर्वी दुर्बिणीतून काचेवर फोटो घेत. तारे ठिपक्यांसारखे उमटत आणि त्यांच्यामधून सरकणारा लघुग्रह बारीक रेघ ओढून जाई. अशी एक रेघ बाईंनी सलग चार रात्रींच्या काचांवर शोधली, मोजली, वहीत मांडली. मग आईच्या आजारपणात त्या आठ दिवस रजेवर गेल्या. परत आल्या तर शोध संचालकांच्या नावावर जाहीर झालेला. "घाईत तुमचं नाव राहून गेलं, बाई," ते म्हणाले होते.

पण नक्कल करायलाही अक्कल लागते. बाई वहीत फोटो सुरू केल्याची वेळ लिहीत. मोजत मात्र रेघेचा मध्य. म्हणून कळवताना प्रत्येक वेळेत फोटोचा निम्मा अवधी मिळवायचा, कधी दहा मिनिटं तर कधी पाऊण तास. ही त्यांची पद्धत त्यांच्या डोक्यात होती, वहीत नव्हती. संचालकांनी सुरुवातीच्या वेळा जशाच्या तशा उतरवून पाठवल्या. त्यावरून काढलेली कक्षा चुकली, आणि पुढच्या वर्षी सांगितलेल्या जागी लघुग्रह सापडला नाही. नंतरही कधी नाही. तो हरवल्याची नोंद झाली.

बाईंनी ताकास तूर लागू दिली नाही. चांगल्या दुर्बिणीवर वेळ मिळायला त्यांना एकोणीस वर्षं लागली. मग संचालकांनी पाठवलेल्याच आकड्यांत खऱ्या वेळा धरून, त्यात गुरू ग्रहाची ओढ हिशेबात घेऊन त्यांनी जागा काढली, आणि लघुग्रह तिथे मुकाट्याने हजर होता. नवा म्हणून त्यांनी तो स्वतःच्या नावावर कळवला. जुन्या चुकलेल्या कक्षेशी तो जुळतच नव्हता, त्यामुळे कोणालाही शंका आली नाही. सात वर्षांनी, गेल्या महिन्यात, त्याला कायमचा क्रमांक मिळाला. आता चोराला त्यानेच चोरलेल्या मालाबद्दल आभार मानायला लावायचं तेवढं राहिलं होतं.

संचालकांनी खालचा खण ओढला आणि एक वही पुढे केली. बाईंचीच. त्या चार रात्रींच्या पानावर, प्रत्येक वेळेपुढे हिरव्या शाईत मिळवायच्या मिनिटांचे आकडे होते: वीस, पंचेचाळीस, दहा, तीस. अक्षर संचालकांचं होतं.

"बारा वर्षांपूर्वी एकदा स्वतः मोजायला बसलो, तेव्हा चूक कळली."

"मग दुरुस्ती का नाही कळवलीत?"

"वही कोणाची, तेही सांगावं लागलं असतं."

बाईंनी हिरव्या आकड्यांवरून बोट फिरवलं.

"तुम्ही नवा लघुग्रह कळवलात, त्याच दिवशी गणित करून पाहिलं," ते म्हणाले. "तोच आहे. मी बोललो नाही. तुमचाच होता." त्यांनी पेपरवेट उचलून अर्ज बाईंकडे सरकवला. "ही वही घेऊन जा. आणि नाव दुसरं द्या. माझं नको."

बाईंना राग आला तो याचा, की त्यांनी इतकी वर्षं ज्याला अंधारात ठेवलं, तो बारा वर्षं दिवा लावून बसला होता. पण मग त्यांच्या लक्षात आलं की नकळत मानलेले आभार म्हणजे फुकटचं सौजन्य. जाणून मानलेल्यांची चव वेगळी.

त्यांनी वही पिशवीत टाकली आणि अर्ज परत सरकवला.

"नाव हेच राहील, सर. खाली तुमची संमती लागते."

संचालकांनी अर्ज पुन्हा एकदा वाचला. मग खिशातून हिरव्या शाईचं पेन काढलं. सही नेहमीपेक्षा लहान आली. बाई शाई वाळेपर्यंत थांबल्या.

"माझं आभाराचं बोलणं सुरुवातीलाच उरकू का?" संचालकांनी विचारलं.

"नको," बाई म्हणाल्या. "मधली वेळ धरा."