भरदिवसा लावलेले कुलूप

मित्रांनो, कुलपाला बोलते करणे सोपे नसते. आमची जातच तोंड मिटून बसणारी. पण मी आता एक जुने पितळी कुलूप आहे. नायगावच्या बीडीडी चाळीत एका खोलीच्या खुंटीला मी उघडेच टांगलेले असते, आणि तोंड उघडे असताना गप्प बसणे मला काही जमत नाही. तेव्हा माझी हकीकत ऐकाच.

माझा जन्म अलिगढचा. ज्या कारागिराने मला घडवले, तो माझ्या पोटात सात लिव्हर बसवून म्हणाला होता की हे आपल्या किल्लीखेरीज कोणाचे ऐकणार नाही. माझ्यातला ताठा तेव्हापासूनचा. पुढे मी मुंबईला आले आणि लालबागच्या एका दुकानात धूळ खात पडले. तिथून मला लहू परब नावाच्या तरुणाने उचलले. गिरणीच्या साचे खात्यात, म्हणजे जिथे कापड विणतात तिथे, तो नुकताच कायम झाला होता आणि त्याला चाळीत खोली मिळाली होती. पुढे सगळी चाळ त्याला अण्णा म्हणू लागली, म्हणून मीही अण्णाच म्हणते.

मला वाटले होते, आता आपल्याला रोज राखण करायची. कसले काय. आमच्या मजल्यावर मधोमध लांब पॅसेज आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर खोल्या. दिवसा कोणाचेही दार बंद नसे. दार ओढून घेतलेले दिसले की शेजारी विचारायला येत, भांडण झाले की कोणी आजारी आहे? त्यामुळे मला काम वर्षातून दोनदाच, मे महिन्यात आणि गणपतीत, अण्णा कोकणात गावी जात तेव्हा. एरवी मी खुंटीवर. सरकारी कचेरीतही इतका आराम कोणाला मिळत नसेल.

ब्याऐंशीच्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला. सुरुवातीला चाळीत सणासारखे वाटे. अण्णा भरदुपारी घरी दिसत, छोट्या लेकाला, जयवंतला, मांडीवर घेऊन पॅसेजमध्ये गप्पा मारत बसत. हळूहळू डबे रिकामे झाले आणि गप्पाही आटल्या. पावसाच्या तोंडावर अण्णा बायको शांती आणि मुलाला घेऊन गावी निघाले. "म्हयन्याभरात मिटात," असे म्हणून त्यांनी मला लावले. त्या दिवसांत आमच्या मजल्यावर ओळीने कुलपेच कुलपे होती. समोरच्या गुणवंतीकाकींचे दार तेवढे उघडे. मी दुसरा पावसाळा सरेपर्यंत तसेच लटकत राहिले. अण्णा परतले तेव्हा किल्ली फिरेना. त्यांनी खोबरेल तेलाचे थेंब माझ्या तोंडात सोडले आणि रागावलेल्या लेकराशी बोलावे तसे माझ्याशी बोलत बसले. मला तेव्हा रडता आले असते तर मी रडले असते.

गिरणी पुढे सुरू झाली, पण अण्णांना आत घेतले नाही. ते दादरला एका कापडाच्या दुकानात ताग्यांमधून कापड कापून देऊ लागले. जयवंत मोठा झाला, बेस्टमध्ये कंडक्टर झाला. दुर्गा सून म्हणून आली. शांतीवहिनी गेल्या. अण्णा म्हातारे झाले. हे सगळे मी खुंटीवरून पाहिले.

मग अण्णा विसरू लागले. आधी चष्मा, मग नावे. दुर्गाला ते कधी बहिणीच्या नावाने हाक मारत, ती ओ देई. एकदा दादरहून घरी यायचा रस्ता चुकून माटुंग्याला पोहोचले. तिथपर्यंतही सगळ्यांनी हसण्यावारी नेले. म्हातारपणी असे चालायचेच, असे जो तो म्हणे. पण एके दुपारी झोपेतून उठून त्यांनी सदरा घातला, रिकामा डबा घेतला आणि दुसऱ्या पाळीला निघाले. गिरणीच्या जागी आता काचांची उंच इमारत आहे. तिथल्या रखवालदाराने "बाबा, इधर कोई मिल नहीं है" म्हणून त्यांना बाजूला केले, आणि ते दुसरे गेट शोधत फिरत राहिले. मग हे रोजचेच झाले. शेवटी परळच्या रस्त्यावर त्यांना एका स्कूटरचा धक्का लागला आणि डोक्याला टाके पडले.

दुर्गा दादरच्या पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटायची. जयवंतची ड्युटी बदलती. दुपारी घरी थांबणार कोण? जयवंतने खाली मान घालून मला खुंटीवरून काढले. अण्णा आत होते आणि त्याने बाहेरून मला लावले.

मित्रांनो, मी चोरांना अडवण्यासाठी जन्मले होते. त्या दुपारी अण्णांनी आतून दार ओढले, तेव्हा मी कोयंड्यात गदागदा हलले. "दार कित्याक लायलास? माज्या साच्यार बदलीवालो उभो ऱ्हवतलो," ते ओरडत होते. गिरणीत उशीर झाला तर त्या दिवशीचे काम बदली कामगाराला जात असे, ती भीती त्यांच्या मनात तशीच होती. ज्या माणसाने मला तेल पाजले, त्यालाच मी अडवून धरले होते. मला फार वाईट वाटले, आणि कारागिराने दिलेला तो ताठा मला नकोसा झाला.

दुर्गा त्यांना इस्पितळात घेऊन गेली. डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले, स्मृतिभ्रंश. इंग्रजीत डिमेन्शिया म्हणतात. हा नुसता विसरभोळेपणा नव्हे. यात मेंदूच हळूहळू थकत जातो, आणि गेलेले परत आणील असे औषध अजून कोणाला सापडलेले नाही. मात्र डॉक्टरांनी एका संशोधनाची माहिती दिली. या आजारावर कंपन्या आणि शास्त्रज्ञ यांनी मिळून काम करावे, यासाठी एक निधी निघाला होता. त्याची अट अशी की एकट्या कंपनीला काही मिळणार नाही आणि एकट्या शास्त्रज्ञालाही नाही. दोघांनी एकाच ताटात जेवायचे.

दुर्गाने अण्णांचे नाव दिले, आणि त्या ताटावरची दोन माणसे आमच्या खोलीत आली. अंबिका ही परळच्या एका संस्थेतली शास्त्रज्ञ, आणि हेरंब हा कंपनीचा इंजिनियर. त्याची कंपनी बॅटरीवर चालणारी कुलपे बनवते, म्हणजे माझ्याच भावकीतला. त्याने पिशवीतून एक पांढरे प्लॅस्टिकचे कुलूप काढले. मी नाक मुरडले.

"हे फोनवरून बंद होतं," हेरंब दुर्गाला सांगू लागला. "तुम्ही दादरला, अण्णा इथे, तरी दार तुमच्या हातात."

"पण आत कोंडलेला माणूस जास्त घाबरतो का, हेच तर आपल्याला तपासायचंय," अंबिका म्हणाली.

"तपासू या ना. पण आमचे साहेब विचारणार, शेवटी विकायचं काय? उघडं दार?"

दोघांची अशी बरीच रस्सीखेच झाली. अखेर ठरले ते असे. अण्णांच्या मनगटावर नाडी मोजणारा पट्टा बांधायचा. कुलूप लावायचे नाही, दाराच्या चौकटीला एक डबी लावायची. दारातून कोणी गेले की दुर्गाच्या फोनवर घंटा वाजेल.

आता यात काय चुकले, ते मी पहिल्याच दिवशी सांगू शकले असते, पण मला विचारतो कोण. डबी बनली होती बंद दारांच्या फ्लॅटसाठी. आमचे दार दिवसभर उघडे. पोरे आत आली, घंटा. गुणवंतीकाकी कोथिंबीर द्यायला आल्या, घंटा. मांजर गेले, घंटा. तिकडे दुर्गाचे हात कणकेत आणि फोन थांबायला तयार नाही. केंद्राच्या मालकीणबाई म्हणाल्या, "दुर्गा, एक तर फोन सांभाळ नाहीतर पोळ्या." चौथ्या दिवशी दुर्गाने डबीवर फडके गुंडाळले आणि मला पुन्हा दाराला लावले.

त्याच दुपारी अंबिका आणि हेरंब पट्ट्याचे आकडे घ्यायला आले. दाराला मी, आतून अण्णांच्या धडका, आणि बाहेर दाराला टेकून गुणवंतीकाकी बसलेल्या. पुढ्यात कोलंबी सोलायला घेतलेली.

"अण्णानू, खंय निघालास?"

"कामाक. दार उघड गो."

"आज संप आसा. गेट बंद आसा."

आतला आवाज थांबला. मग अण्णा म्हणाले, "संप? माका कोणीच सांगूक नाय."

"मी सांगतंय ना. बसा वायच."

"मगे बसतंय," असे म्हणून अण्णा दाराच्या आतल्या बाजूला टेकून बसले. मध्ये फळी, आणि दोन्हीकडून गावच्या गप्पा सुरू झाल्या. अंबिका हातातल्या यंत्राकडे पाहत होती. तिने ते हेरंबपुढे धरले. कुलूप लागल्यापासून धावत असलेली अण्णांची नाडी काकींनी हाक मारल्यावर उतरत उतरत ठिकाणावर आली होती.

हेरंब ते आकडे पुन्हा वरून खाली वाचून गेला. मग हळूच म्हणाला, "पण काकी, हे त्यांना खोटंच सांगणं झालं ना?"

"खोटा खंयचा?" काकी कोलंबीवरून नजर न काढता म्हणाल्या. "संप मिटलो म्हणान तुका कोणी सांगितल्यान?"

तो संप मागे घेतल्याचे कधी कोणी जाहीर केलेच नाही. त्यामुळे काकींच्या प्रश्नाचे उत्तर गिरणगावात अजून कोणाकडेच नाही.

त्यानंतर दोघे पॅसेजमध्येच बसून कामाला लागले. त्या दिवशी त्यांच्यात वाद झाला नाही. डबी दारावरून काढून जिन्याच्या तोंडाशी लावली. अण्णांच्या पट्ट्यात डबीला ओळखता येईल अशी एक बारीक चकती बसवली, म्हणजे घंटा फक्त अण्णा तिथवर गेले तरच वाजेल. आणि ती दुर्गाच्या फोनवर नाही, तर मजल्यावरच्या ज्या खोल्यांनी हौसेने हो म्हटले, त्या खोल्यांत. घंटा ऐकली की बाहेर यायचे आणि विचारायचे, अण्णा, कुठे? अण्णा जुन्या वळणाचे. कोणी विचारले की उत्तर दिल्याशिवाय पुढे जाणार नाहीत.

पण मला उघडे ठेवायचे की लावायचे, हे दुर्गाच्या हातात होते. दुसऱ्या दिवशी कामावर निघताना ती मला मुठीत धरून दारात उभी राहिली.

"ताई, पुन्हा काही झालं तर लोक मला विचारतील. तुमच्या मशीनला कोणी विचारणार नाही," ती पॅसेजमध्ये उभ्या अंबिकाला म्हणाली.

अंबिका म्हणाली, "खरंय तुमचं. म्हणून पहिले काही दिवस मीच इथे पॅसेजमध्ये बसते. तुमचं मन मानलं नाही तर कुलूप आहेच."

दुर्गाने एकदा आत पाहिले. अण्णा गाढ झोपले होते. तिने मला खुंटीला अडकवले आणि मागे न बघता जिना उतरली.

ती दुपार मी श्वास रोखून काढली. अण्णा उठले, सदरा घातला, निघाले. जिन्याशी पोहोचताच इकडच्या तिकडच्या खोल्यांतून घंटा वाजल्या आणि सगळे एकदमच बाहेर आले. एवढी माणसे पाहून अण्णा खुलले. "मोर्चो आसा काय?" त्यांनी विचारले. त्यावर जो हशा झाला, तो खालच्या मजल्यापर्यंत गेला असेल. मग कोणी चहा आणला, कोणी खुर्ची. ज्या दिवशी त्यांना फारच जावेसे वाटे, त्या दिवशी कोणीतरी हात धरून त्यांना चाळीच्या मैदानाला फेरी मारून आणी.

असे दिवस गेले. पट्टा आकडे देत राहिला, आणि ज्या ज्या घरांत हे करून पाहिले, तिथेही माणसे अधिक शांत राहिली, असे अंबिकाने जयवंतला सांगितले. निधीची माणसे येऊन पाहून गेली आणि काम पुढे चालू ठेवा म्हणाली. हेरंबच्या कंपनीने फोनवरचे कुलूप या आजारासाठी विकायचे नाही असे ठरवले आणि शेजाऱ्यांची घंटा बनवायला घेतली. कुलूप जातीतले एक मूल जन्मायच्या आधीच गेले, पण मला त्याचे दुःख नाही.

मित्रांनो, गोष्ट इथे संपवायला मला आवडले असते. पण तो आजार कोणासाठी थांबत नाही. अंबिकाच्या संस्थेत औषधाचाही शोध चालू आहे, आणि ती खोटी आशा दाखवत नाही. वर्ष उलटले तसे अण्णांचे उठणे कमी झाले. मग पाय उचलेनात. आता ते दाराजवळच्या खाटेवर पडून असतात. दार दिवसभर सताड उघडे असते, आणि अण्णा बाहेर जात नाहीत. जिन्याजवळची डबी कधीची वाजलेली नाही. परवा दुर्गा त्यांचे तोंड पुसता पुसता जयवंतला म्हणाली, "चालत होते तोवर त्यांना चालू दिलं आपण. तेवढं तरी हातून झालं." तिच्या डोळ्यांत पाणी होते. मी खुंटीवर होते, आणि जन्मात पहिल्यांदाच मला वाटले की आपण उघडे राहिलो हे फार बरे झाले.

म्हणून माझे एवढेच मागणे आहे. शोध लावणाऱ्यांनी आणि वस्तू बनवणाऱ्यांनी ते एक ताट मोडू नये. औषध एक दिवस मिळेल. तोवर तुम्ही दागिन्यांना कुलूप लावा, गावी जाताना घराला लावा, मी त्यासाठीच आहे. पण तुमच्या घरात किंवा शेजारी असे कोणी आजी-आजोबा असतील, तर जाता-येता थांबून त्यांना विचारा, कुठे निघालात? अण्णांना आजही सगळे विचारतात. ते नुसते बघतात. तुमच्याकडच्यांना अजून उत्तर देता येत असेल, तर आजच विचारा.