मेलेला ओठ

जबड्यातली गाठ काढून सात आठवडे झाले. गाठ साधी निघाली, हाड भरत आलंय, टाके विरघळले. डॉक्टर खूश. पण माझा खालचा ओठ आणि हनुवटी तेव्हापासून मेलेली. ते म्हणाले, नस दुखावलीय, जाणीव परत येईल, कधीकधी नाहीही येत. त्यांचं काय जातंय म्हणायला. पेज हनुवटीवरून ओघळते आणि मला पत्ताच नसतो. पुतण्याच्या लग्नात समोरच्या बाईने न बोलता रुमाल पुढे केला, त्या दिवसापासून मी भिंतीकडे तोंड करून जेवते. चाळीस वर्षं यॉसू बंदराच्या बाजारात ओरडून सुकी मासळी विकणारी मी.

काल आमच्याकडे हिवाळ्याची किमची घालायची होती. अंगणात शंभर कोबी आणि गल्लीतल्या सगळ्या बायका. मी खारवलेला कोबी पिळत बसले होते. माझी नणंद ब्योल-रे मिरचीचा मसाला कालवत होती. पहिलं पान घरातल्या थोरलीला भरवायचं, म्हणून ती ते माखून माझ्यापुढे उकिडवी बसली.

"वहिनी, आ कर."

"इथे नको. सगळ्या बघतायत."

"मग काय भिंतीसमोर भरवू? किती दिवस रुसणार आहेस त्या ओठावर?"

जबडा अजून पुरता उघडत नाही. अर्धं पान आत गेलं, अर्धं ओठावरून घसरलं. बायकांनी पटकन माना खाली घातल्या. त्यांच्या त्या समजूतदारपणाचाच मला संताप आला.

तेवढ्यात ओठाच्या डाव्या कोपऱ्यात काहीतरी चुरचुरलं. मला वाटलं केस अडकला असेल. मग आग व्हायला लागली.

"भाजतंय," मी म्हणाले.

ब्योल-रे उठलीच. "डॉक्टर तिखट नको म्हणाले होते. मीच मूर्ख. थांब, पाणी आणते."

"पाणी नको गं. ओठ भाजतोय माझा. खालचा."

ती होती तिथेच थांबली. मला सात आठवडे टोमणे मारणारी बाई, मसाल्याचे हात तसेच वर धरून मुसमुसायला लागली. मलाही रडू आवरेना. इतकं हायसं मला गाठ साधी निघाली तेव्हाही वाटलं नव्हतं.

"अजून एक दे," मी म्हणाले. "तिखट जास्त लाव."

ओठ चरचर भाजत होता आणि मी भर अंगणात, सगळ्यांकडे तोंड करून खात होते.